कडक शेवया, तिखट पाच

३ फेब्रुवारी, सोमवार

सोनालीचं दुकान एकदाचं बघून आले. दुकान म्हणायचं नाही, 'रामेन बार' म्हणायचं. बार हा शब्द वाचून पहिल्याच दिवशी होटगी रोडवरचे दोन म्हातारे क्वार्टर मागायला आत शिरले होते म्हणे. पुढ्यात शेवयांचं पाणी आलेलं बघून आल्या पावली परत गेले. सोलापुरात अजून शहाणी माणसं शिल्लक आहेत.

सोमवारी माझी खानावळ बंद असते. मी वार पाळत नाही, गिऱ्हाईक पाळतं. दुपारी लोळत पडण्यापेक्षा म्हटलं, लेकीनं काय दिवे लावलेत ते बघून यावं.

बसायला उंच स्टुलं. साठीच्या बाईनं त्यावर चढायचं कसं, याचा विचार जपानात कुणी केलेला दिसत नाही. भिंतीवर हात वर केलेल्या मांजराचं चित्र. खायच्या जागी मांजर! माझ्याकडं मांजर दिसलं तर आमची गोजरबाई भाकरी सोडून उलथनं घेऊन मागं धावते.

मग खरा प्रकार. मेनू कार्ड नाहीच. टेबलावर एक ठिपक्याठिपक्यांचा चौकोन चिकटवलाय, त्यावर मोबाईल धरला की तो प्रश्न विचारायला लागतो. रस्सा कुठला? चिकनचा की मशरूमचा? शेवया बारीक की जाड? मऊ, मध्यम की कडक? तिखट शून्यापासून पाचापर्यंत, कितवं? वरून काय घालू? अंडं, मोडाचे कोंब, मका, कांद्याची पात, समुद्रातल्या शेवाळाचा कागद. शेवाळ! हौदातलं शेवाळ आम्ही घासून घासून काढतो, आणि इथं लोक जादा पैसे मोजून ते खातात.

"आई, तुला हवं तसं करून घे की," सोनाली म्हणाली.

"मला काय हवंय तेही मीच सांगायचं, तर तू काय शिकलीस?"

हे गेल्यापासून मी एकटीनं खानावळ चालवली. कुणाला कधी विचारलं नाही की तिखट किती घालू. मटण एक, रस्सा एक. भाकरी कडक द्यायची की मऊ, ते माणसाचे दात बघून मी ठरवते. ज्याला आपल्या हाताचा भरवसा नाही तो गिऱ्हाइकाला विचारतो.

तरी घेतलं. चिकनचा रस्सा, जाड शेवया, कडक, तिखट तीन, अंडं, कोंब. दिसायला बरं होतं, खोटं कशाला लिहू. पण चव नावाला नाही. गरम खारट पाणी. कोंबडी त्या पातेल्याच्या शेजारून नुसती चालत गेली असावी. शेवया तेवढ्या दाताला लागल्या आणि कोंब कचाकचा वाजले. सगळं संपवलं, ते अन्न टाकायची सवय नाही म्हणून.

"कसं होतं?" सोनालीनं विचारलं.

"गरम होतं."

तिचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेतलं, तिथं कुठल्या जपान्याच्या हाताखाली राबली, आणि परत आली ती आईची चालती खानावळ सोडून हे उघडायला. निम्मं सोलापूर माझ्या, म्हणजे अक्काच्या, रश्श्यासाठी रविवारी रांग लावतं. ती रांग हिला दिसत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मसालेवाल्याला झाडला. डिसेंबरात मी तापानं आणि सर्दीनं अंथरुणाला खिळले होते, तेवढ्यात ह्यानं संधी साधली. तेव्हापासून धण्याला वास नाही, दगडफुलाला वास नाही. मूठभर घेऊन नाकाशी धरलं तर लाकडाचा भुसा. वर मला म्हणतो, "अक्का, तोच माल आहे, तुमचा तर मी वेगळा काढून ठेवतो." वेगळा काढतो म्हणजे भेसळीचाच की. आता त्याच्याच मालातून चव काढायची म्हणून काळं तिखट आणि मीठ दोन्ही हात सैल सोडून घालायला लागतं.

गिऱ्हाईकही बिघडलं. बँकेतले साहेब, इतक्या वर्षांचे, आज ताट अर्धं टाकून उठले. "अक्का, मीठ जरा..." एवढंच बोलले. बी.पी.च्या गोळ्या खाणाऱ्यांनी मटणाच्या खानावळीत येऊ नये. घरी मुगाचं वरण प्यावं आणि नऊला झोपावं.

गोजरबाईला नवीन खोड लागलीय. मी पाठ वळवली की रस्सा तळहातावर घेऊन चाटते.

"काय गं, तू कधीपासून माझी परीक्षा घ्यायला लागलीस?"

"न्हाय अक्का, आसंच."

असंच! भाकऱ्या थापायला ठेवलेल्या बाईनं भाकऱ्या थापाव्यात. नंतर बघते तर पातेल्यात पाणी वाढलेलं. कुणी ओतलं म्हणून विचारलं तर जो तो भांडी घासायला लागला.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा गेले होते सोनालीकडं. लेकीचं दुकान कसं चाललंय याची पाहणी आईनं केली पाहिजे, म्हणून. कॉलेजची पोरं बसली होती. खाण्याआधी फोटो, खाताना फोटो, रिकाम्या वाटीचा फोटो. एका पोरीला काड्यांनी शेवई उचलता येईना, शेवटी काटा मागितला. मी मात्र काड्यांनी खाल्लं. आयुष्यभर उकळत्या तेलातून कांदा उचललाय, काड्यांचं काय कौतुक.

कडक शेवया, तिखट चार, कोंब दुप्पट. चव तीच, म्हणजे नाहीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खोबरं करपलं. मी समोर उभी होते, पण फोनवर मटणवाल्याशी भांडत होते. गोजरबाई मागच्या दारातून ओरडत आली, "अक्का, जळालं की वो! रस्त्यापतूर वास आलाय!" बघते तर कढईत कोळसा.

दोष पंख्याचा आहे. सगळा वास बाहेर ओढून नेतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही आणि रस्त्यावरच्याला कळतं, असला पंखा बसवून देणाऱ्या माणसाची कीव येते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सोनालीकडं. तिनं आपण होऊन विषय काढला. "आई, तू दर सोमवारी येतेस, सगळं संपवतेस आणि दर वेळी नावं ठेवतेस. मग येतेस कशाला?"

"तुझ्याकडं येतंय कोण? तेवढीच गर्दी दिसते."

ती हसली नाही. म्हणाली, "मी खानावळ सोडली म्हणून तुला राग आहे ना? पण तिथं मी काय करणार होते? तू मला कधी कांदासुद्धा तुझ्या मनासारखा चिरू दिला नाहीस."

कांदा मनासारखा चिरला असता तर चिरू दिला असता. एवढं साधं आहे.

आज तिखट पाच घेतलं. सोनाली म्हणाली, "पाच कुणी घेत नाही आई, मी ते नुसतं गंमत म्हणून ठेवलंय." त्यात शेंगाचटणीचं तेल आणि लवंगी मिरची आहे म्हणे. जपान्याच्या वाटीत सोलापूरची शेंगाचटणी. ना घरका ना घाटका पदार्थ. पण जीभ भाजली, कानातून वाफा निघाल्या, घाम आला. फार दिवसांनी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

लोकांच्या जिभाच बोथट झाल्यात म्हणून कुणी पाच घेत नाही.

२ मार्च, रविवार

आज गोजरबाईला घालवून दिली.

काल जेवणाची एक मोठी ऑर्डर ऐनवेळी रद्द झाली. मटण उरलं, ते फ्रिजमध्ये ठेवलं. मधे बराच वेळ लाईट नव्हती. सकाळी पातेलं काढलं तर गोजरबाई नाकाला पदर लावून उभी.

"अक्का, ह्ये नगं. ह्येला वास हाय."

मी एक तुकडा उचलून नाकाशी धरला. काही नाही. स्वच्छ. दारात उभं राहून आतल्या मटणाचा बोकड कुठल्या रानात चरला ते सांगणारी अशी माझी ख्याती, आणि मला ही शिकवणार. मी म्हटलं, "माझ्या नाकापुढं तुझं नाक? भाकरी थाप."

रस्सा झाला. लाल तर्री, बघत राहावी अशी. बाहेर माणसं बसलेली, ताटं मांडलेली. आणि ह्या बाईनं पातेलं उचलायच्या निमित्तानं ते सगळंच्या सगळं मोरीत ओतलं. हात निसटला म्हणे! इतकी वर्षं तिचा हात निसटलेला मी पाहिला नाही. तिच्या पायावर सांडलं, पाय लाल झाला, तरी बाई रडली नाही, माझ्याकडं बघत उभी राहिली. मला जास्त राग आला तो त्या बघण्याचा.

"नीघ," म्हटलं. "तोंड दाखवू नकोस."

"व्हय अक्का," म्हणाली आणि लंगडत गेली.

गिऱ्हाइकांना पिठलं-भाकरी वाढली. रविवारी माझ्याकडं पिठलं! मोरीतले तुकडे मागच्या गल्लीत टाकले. तिथलं कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं. सोलापूरची कुत्रीसुद्धा माजलीत.

३ मार्च, सोमवार

सोनालीकडं तमाशा झाला.

माझ्या शेजारच्या स्टुलावर मैंदर्गीचे बसवराज मास्तर बसले होते. निवृत्त माणूस, डोळ्यांच्या डॉक्टरकडं सोलापूरला येतात आणि सोमवारचा उपवास इथं सोडतात. मशरूमचा रस्सा, कांदा-लसूण नाही, तिखट एक. म्हणजे आजाऱ्याचं खाणं. मला म्हणाले, "तुम्ही खानावळीच्या अक्का ना? आम्ही खात नाही, पण तुमचं नाव मैंदर्गीपर्यंत आहे हो." माणूस सभ्य आहे.

मी आज चिकनचा रस्सा घेतला, वर चिकनचे तुकडे नकोत म्हणून सांगितलं, ते चिंध्यांसारखे लागतात. तिखट वेगळ्या वाटीत मागितलं. नुसते कोंब, मका, जाड कडक शेवया. मास्तरांचंही तेच, कोंब आणि मका. सोनालीनं दोन्ही वाट्या एकदम आणून ठेवल्या.

मी खायला लागले. अर्धी वाटी संपवली. सोनाली जवळच होती, तिला म्हटलं, "आज कोंबडी जरा तरी उतरलीय हो रश्श्यात. शिकशील हळूहळू."

मास्तरांचं जेवणाआधीचं स्तोत्र संपलं, त्यांनी वाटीवर वाकून पाहिलं आणि वाटी एकदम लांब सारली. "अय्यो शिवा! ह्यात कोंबडी आहे की हो!"

सोनाली पांढरी पडली. वाट्यांची अदलाबदल झाली होती. मास्तरांनी घास घेतला नव्हता, नुसत्या वासानं ओळखलं. पोरीनं हात जोडून माफी मागितली, त्यांनीही ताणलं नाही. पण तेवढ्यात दुकानातल्या सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. माझ्यापुढं मशरूमची वाटी, कांदा-लसूण नसलेली, अर्धी संपलेली.

एक कॉलेजचा पोरगा फिस्सकन हसला. "अक्कांना मटणातलं कळतं म्हणतात."

"मी ओळखलं होतं," मी म्हटलं. "बोलले नाही. हिला कळतंय का ते बघत होते."

लोक हसले, विषय मिटला. सोनाली मात्र हसली नाही. माझ्याकडंच बघत राहिली, जणू मला पहिल्यांदा बघतेय.

मी ओळखलं होतंच.

४ मार्च, मंगळवार

नव्हतं ओळखलं.

सकाळी खानावळ उघडायच्या आधी दार लावून घेतलं. हिंगाचा डबा उघडला, नाक आत घातलं. काही नाही. लसणाच्या पाकळ्या ठेचल्या. काही नाही. फिनेल. उदबत्ती. काळं तिखट. मसालेवाल्याचा भुसा समजत होते, ते सगळं. शेवटी कापूर जाळला. ज्योत दिसली, धूर दिसला, डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं.

आजपासून खानावळ बंद. फळ्यावर 'दुरुस्तीसाठी' असं लिहिलं.

७ मार्च, शुक्रवार

सोनाली नाकाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मी बोलावलं नव्हतं. ती स्कूटर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बस." तिनं सोमवारीच ओळखलं होतं. खरं म्हणजे तिला आधीपासून शंका होती. "तू दर वेळी कडक शेवया आणि कोंब मागायचीस. रश्श्याबद्दल कधी एक खरी शिवी दिली नाहीस. तुझ्यासारखी बाई रश्श्यातल्या दहा चुका काढेल, तू नुसतं खारट पाणी म्हणायचीस." म्हणजे मी पाहणी करत होते आणि ही माझी.

डॉक्टर तिच्याच वयाचा. नाकात नळी घातली, मेंदूपर्यंत बघून आला असेल. डिसेंबरातल्या तापानं वासाची नस दुखावलीय म्हणाला. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळतं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते सगळं नाकाचं असतं. ते गेलंय.

"परत कधी येणार?"

"काहींचं काही महिन्यांत येतं. काहींचं येत नाही. आत्ता सांगता येत नाही."

सांगता येत नाही, हे सांगायला एवढं शिकला. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगायला सांगितलंय. बसा डोळे मिटून लवंग हुंगत, जोगिणीसारखं.

परत येताना सोनालीनं सात रस्ता चौकात स्कूटर बाजूला घेतली. "मी दुकान बंद करते. खानावळीत येते. चव मी बघेन."

"माझ्या नाकापायी बंद करू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या शेवयांपायी कर, ते एक वेळ समजेल."

ती चिडली, गाडीला किक मारली. पण हात मागं करून माझा हात कमरेला धरून ठेवला होता तिनं, मी पडेन म्हणून. मी काय पडते.

९ मार्च, रविवार

गोजरबाईच्या घरी गेले, विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत. ती दारात बसून पायाला मलम लावत होती. मला बघून उठायला लागली.

"बस," म्हटलं. "मटणाला वास हुता व्हय?"

तिच्यासमोर बसलं की माझी माहेरची, नातेपुत्याची भाषा आपोआप बाहेर येते.

"हुता की अक्का. लई वंगाळ."

"मग नीट का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. तुमी म्हनलासा, माझ्या नाकाफुडं तुजं नाक?"

"आन पातेलं? पाडलंस न्हवं?"

"पाडलं," ती खाली बघून म्हणाली. "बाहीर लेकरंबाळं घिऊन मानसं बसली हुती. कुनी मेलं-बिलं आस्तं तर नाव कुनाचं गेलं आस्तं? माजं कुनाला म्हाईत हाय?"

"रश्श्यात पानी बी तूच ओतत हुतीस?"

"लई खारट व्हायचं वो."

म्हणजे महिना-दीड महिना ही बाई माझं नाव पाणी ओतून वाचवत होती आणि मी तिला घालवून दिली. मला जे बोलायचं होतं ते तोंडातून निघेना. तिनं चहा केला. नुसतं गोड गरम पाणी. दुसरा मागून घेतला, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. तरी निघालं नाही. शेवटी उठताना म्हणाले, "पाय बरा झाल्याशिवाय उभं राहायचं न्हाय. खुर्ची ठेवते चुलीपाशी. बसून थापायच्या."

"बसून भाकरी नीट व्हत न्हाय अक्का."

"न्हाय तर न्हाय. वाकडी खातील."

तिनं पदरानं डोळे पुसले. ह्या बायकांना खुर्चीचंसुद्धा रडू येतं.

१७ मार्च, सोमवार

खानावळ परत सुरू होऊन आठवडा झाला. आता गोजरबाई उघड उघड चव बघते. पण तिला विचारावं तर प्रत्येक गोष्ट "बरं लागतंय." मीठ? बरं हाय. तिखट? बरं हाय. बरं म्हणजे काय गं? बरं तर औषधसुद्धा असतं.

रविवारी सकाळी सोनाली येते. तिची तऱ्हा निराळी. चमचाभर तोंडात घेऊन डोळे मिटते आणि म्हणते, "आई, खोबरं थोडं मागं पडलंय."

"मागं म्हणजे कुठं? दारात?"

"थांब ना. आधी मिरे येतात, मग लसूण, मग तुझ्या रश्श्यात शेवटी काहीतरी गोडसर यायचं. ते आज नाही."

मी कढईत बघितलं. कांदा गुलाबी होता. माझा कांदा गुळासारखा व्हायला लागतो, तेव्हा तेल कडेनं सुटतं आणि चर्रचा आवाज बारीक होतो. नाक बंद झालं तरी डोळे आहेत, कान आहेत. घाईघाईनं उतरवला होता मीच. परत कांदा भाजून घातला. ती म्हणाली, "आलं." तिचे डोळे भरले होते. कांद्यानं असेल.

बँकेतले साहेब रस्सा दोनदा मागून घेऊन गेले. पण दोन माणसांची नाकं उसनी घेऊन मी स्वयंपाक करते, हे सोलापुरात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

सोनाली कांदा चिरते तो अजूनही जाडच.

३१ मार्च, सोमवार

लवंग हुंगते. लवंग आहे की खिळा, काही फरक नाही.

उन्हं इतकी तापलीत की सोनालीच्या दुकानात माशी नाही. या उन्हाळ्यात वाफाळणारं पाणी प्यायला कोण येईल? थंड शेवया ठेवतेय म्हणते. थंड शेवया! शिळं विकायची ही नवी रीत.

एक गोष्ट इथं लिहिते, तिला सांगणार नाही. घरची भाकरी आता मला पुठ्ठ्यासारखी लागते. माझा स्वतःचा रस्सा, ज्याच्यावर घर उभं राहिलं, तो गरम तिखट पाणी. जेवायला बसायचंसुद्धा नको वाटतं. आठवडाभरात पोटभर जेवण होतं ते फक्त सोमवारी, त्या मांजराखाली बसून. कारण तिथं मी सांगते शेवई किती कडक, कोंब किती, तिखट किती. जीभ भाजते, दात चावतात, काहीतरी चालू आहे असं वाटतं. रस्सा काय आहे त्याच्याशी मला घेणं नाही, आणि तिथं कुणी विचारतही नाही की अक्का, तुम्हाला कळलं का.

आज सोनालीनं मला न विचारताच ठेवलं. जाड, कडक, तिखट पाच, कोंब दुप्पट. वर काकडीचे लांब काप आणि भाजलेल्या शेंगांची भरड. कचाकचा वाजत होतं सगळं.

"हे कुठल्या जपानात खातात?" मी विचारलं.

"कुठंच नाही. तुझ्यासाठी केलंय."

दिसायला कोंबड्यांच्या खाद्यासारखं होतं. संपवलं.

२१ एप्रिल, सोमवार

ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. दुपारी सोनालीकडं गेले, दार ढकललं आणि घाण आली.

जळक्या रबराची. त्यात ओलं पोतं. त्यात तुंबलेली मोरी. मी दारातच ओरडले, "काय सडवलंयस गं आत? गिऱ्हाइकाला मारायचंय का?"

सोनाली धावत आली. "काय झालं?"

"वास! केवढा घाण वास! तुला येत नाही?"

ती तिथंच थांबली. कोपऱ्यात बसवराज मास्तर होते, आमच्याकडं आता ओळखीचे झालेत. तेच म्हणाले, "मला तर नुसता कोंबडीचा वास येतो हो अक्का. म्हणून तर लांब बसलोय."

"आई," सोनाली हळूच म्हणाली, "चिकनचा रस्सा उकळतोय. ताजा. सकाळी लावलाय."

मला एवढा वेळ लागला कळायला. मग मी तिला बाजूला सारून आत गेले, मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं आणि तोंड वाफेत घातलं. उमासा आला. पुन्हा घातलं. तोच वास, आणखी जबर. टायर जाळल्यासारखा. लसूण दे म्हणून हात केला, सोनालीनं ठेचून दिला. लसणालाही तोच. आल्याला तोच, जरा उग्र. कांद्याला नाही. लवंगेला नाही. पण होता. चार महिने भिंत होती, तिथं आता निदान मोरी वाहत होती.

सोनालीनं डॉक्टरला फोन लावला, त्याचा आवाज मोठा ठेवला. तो म्हणाला, नस परत जुळायला लागली की आधी असे वाकडे वास येतात. चांगल्या वस्तूंचेही घाण येतात. पुढं नीट होईल, किती आणि कधी ते सांगता येत नाही, पण ही चांगली खूण आहे. सांगता येत नाही, हे त्याचं पालुपद सुटलं नाही. ह्या वेळी मी त्याला काही म्हटलं नाही.

फोन ठेवून सोनाली रडायला लागली. तिच्या रश्श्याला मी गटार म्हणत होते आणि ती तोंडावर हात धरून रडत होती, हसतही होती. मास्तर गोंधळून उभे राहिले आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं. पाणी प्याले. त्याला कसलाच वास नव्हता, पाण्याला नसतोच.

"आई, घरी जाऊ या का? मळमळतंय ना तुला?"

"घरी कशाला? चिकनचा रस्सा दे. भरपूर. तिखट घालू नकोस अजिबात, त्यानं दबेल."

"अगं, तुला सहन होणार नाही."

"दे म्हटलं ना."

वाटी आली. इतकं घाणेरडं अन्न मी जन्मात तोंडात घेतलं नव्हतं. प्रत्येक घोटाला अंगावर काटा आला, डोळ्यांतून पाणी आलं, मास्तरांनी मान फिरवली. तळापर्यंत प्याले, वाटी चाटली आणि दुसरी मागितली.